पहिला श्वास कोणी घ्यावा?

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. उपासना आटोपून मंडळी घरोघर निघाली होती. आमच्याच मंडळीत लहानाची मोठी झालेली, औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन परगावी एका प्रयोगशाळेत नोकरी करणारी एक मुलगी मागे रेंगाळली होती. जवळ येऊन ती हळूच म्हणाली, ‘‘काका, एक विचारायचं होतं. मी रोज उंदरांना विषारी हवा हुंगायला लावते. महिना दोन महिने तसं करायचं आणि मग त्यांना मारून फुप्फुसं तपासायची. घरी अजून सांगितलेलं नाही. हे पाप आहे का हो?’’

मी उपदेश करणारा मनुष्य. अशा प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर तयार असते. मी म्हणालो, ‘‘देवाने मनुष्याला पशुपक्ष्यांवर सत्ता दिली आहे. माणसांचे प्राण वाचावेत म्हणून तू हे करतेस. मन शांत ठेव.’’ ती ‘‘बरं काका’’ म्हणाली आणि छत्री उघडून निघून गेली.

वाचकहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. तिच्या ‘‘बरं’’मध्ये समाधान नव्हते हे एक. आणि दुसरे म्हणजे, तिने ज्या बंद पेटीचा उल्लेख केला होता तशी एक पेटी मी लहानपणी आमच्या निपाणीतच पाहिली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या बसच्या वेळेआधी मी तिच्या घरी गेलो आणि आपले काम मला नीट समजावून सांग, अशी तिला विनंती केली. ज्या गोष्टीवर निवाडा द्यायचा ती आधी समजून घ्यावी, एवढा धडा मला त्या रात्री मिळाला होता.

ती पेटी कशी असते

पोलाद व काच यांची ही एक बंद पेटी असते. आत जाणारी हवा प्रथम गाळून स्वच्छ करतात. तिची उष्णता व आर्द्रता ठरावीक ठेवतात. मग ज्या पदार्थाची परीक्षा करावयाची त्याची वाफ, धूळ किंवा बारीक तुषार त्या हवेत मोजून मिसळतात. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी ठेवलेला असतो. त्यामुळे कोठे फट राहिलीच तरी बाहेरची हवा आत जाते, आतले विष बाहेर काम करणाऱ्यांपर्यंत येत नाही. आतील हवेचे नमुने पुनःपुन्हा काढून, एका घनमीटर हवेत किती मिलिग्रॅम पदार्थ आहे हे तपासतात. कणांचा आकारही मोजतात, कारण मोठा कण नाकातच अडकतो आणि बारीक कण फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतो. अल्पकाळच्या परीक्षेसाठी १ ते ४ मायक्रॉनचे कण योग्य मानले आहेत. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून ते किती बारीक असतात याची कल्पना यावी.

दुसऱ्या प्रकारात प्राणी पेटीत मोकळा नसतो. एका उभ्या खांबाभोवती आडव्या निमुळत्या नळ्या बसविलेल्या असतात. प्रत्येक नळीत एक उंदीर, आणि केवळ त्याचे नाक विषारी हवेकडे. असे का करतात? मोकळ्या उंदराच्या अंगावर धूळ बसते, तो आपले अंग चाटतो आणि विष पोटातही जाते. मग श्वासाने किती गेले हे सांगता येत नाही. नळीत ठेवल्याने हिशेब चोख होतो, पण प्राणी जखडला जातो व घाबरतो. म्हणून आधी काही दिवस त्याला रिकाम्या नळीची सवय करून देतात. हे सांगताना त्या मुलीचा आवाज बदलला. ती म्हणाली, ‘‘दोन-चार दिवसांनी ते आपणहून नळीत शिरतात, काका. तेच मला सहन होत नाही.’’

तीव्र विषाची परीक्षा साधारणपणे ४ तासांची असते. दीर्घकाळच्या परीक्षेत दिवसाचे ६ तास, आठवड्याचे ५ दिवस, याप्रमाणे २८ दिवस, ९० दिवस, आणि कर्करोगासारख्या रोगासाठी दोन वर्षेही प्राण्यांना ती हवा देतात. शेजारीच तेवढेच प्राणी केवळ स्वच्छ हवेत ठेवलेले असतात, म्हणजे तुलना करता येते. शेवटी सर्वांनाच मारतात. स्वच्छ हवेतले प्राणीही सुटत नाहीत.

एका पाळकाचा उंदीर

ही कल्पना नवी नाही, आणि तिच्या आरंभी एक पाळकच उभा आहे याचे मला आश्चर्य वाटले. जोसेफ प्रीस्टली हे इंग्लंडातील लीड्स गावच्या एका मंडळीचे पाळक होते. १७७० नंतरच्या दोन-चार वर्षांत त्यांनी काचेच्या बंद भांड्यांत उंदीर ठेवून हवेची परीक्षा केली. बंद हवेत उंदीर गुदमरतो, पण त्याच हवेत पुदिन्याची डहाळी काही दिवस ठेवली तर ती हवा पुन्हा श्वास घेण्याजोगी होते, हे त्यांनी दाखविले. वनस्पती आपली हवा शुद्ध करतात हे ज्ञान जगाला त्या उंदरांच्या श्वासांतून मिळाले. त्यांच्या परिचयातील अ‍ॅना या तरुण कवयित्रीने पिंजऱ्यातील उंदराच्या वतीने पाळकसाहेबांना उद्देशून एक विनंतीपर कविता रचली. ती १७७३ साली छापली गेली. अडीचशे वर्षांपूर्वी एका बाईला जे टोचले तेच आमच्या निपाणीच्या मुलीला टोचत आहे. तेव्हा हा प्रश्न नाजूक मनाचा खेळ आहे असे म्हणून तो झटकून टाकता येणार नाही.

दोन सोपी उत्तरे

एक सोपे उत्तर मी त्या दिवशी दिलेच होते: मनुष्य श्रेष्ठ, पशू त्याच्यासाठी. परंतु पवित्र शास्त्रात सत्तेचा अर्थ कारभारीपण असा आहे. कारभाऱ्याला धन्यापुढे हिशेब द्यावा लागतो. नीतिसूत्रांत नीतिमान मनुष्याची जी लक्षणे दिली आहेत त्यांत आपल्या जनावराच्या जिवाची काळजी हेही एक आहे. आणि उपदेशकाने तर तिसऱ्या अध्यायात मनुष्य व पशू यांचा श्वास एकच असल्याचे स्पष्ट सांगून आपला गर्व उतरविला आहे. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ नकळत त्याच वचनावर विसंबून असतो. उंदराचा आणि माणसाचा श्वास अगदी वेगळा असता, तर उंदराची परीक्षा करून काय कळले असते? तो आपल्यासारखा आहे म्हणून आपण त्याला पेटीत घालतो, आणि तो आपल्यासारखा नाही म्हणून पेटीत घातल्याचे वाईट वाटू देत नाही. ही दोन्ही विधाने एकाच तोंडाने करणे कठीण आहे.

दुसरे सोपे उत्तर याच्या उलट: प्राण्यांवरील असले सर्व प्रयोग आजच बंद करावेत. ऐकावयास हे फार निर्मळ वाटते. पण नवे रसायन बाजारात यावयाचे थांबत नाही. शेतावर, कारखान्यात, रंगाच्या दुकानात ते हवेत मिसळतेच, आणि कोणीतरी ते प्रथम हुंगतो. प्रश्न एवढाच उरतो, की पहिला श्वास कोणी घ्यावा? उंदराने घेतला नाही तर तो सर्वांत गरीब मजूर घेतो. तेथे कोणी मोजत नाही, आणि तुलनेसाठी स्वच्छ हवेत कोणाला ठेवतही नाही.

हे मी तर्काने म्हणत नाही. हे मी पाहिले आहे.

आमच्या गावची पेटी

निपाणी हे विडीच्या तंबाखूचे गाव. गावाचे नाव महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ज्या पिकामुळे झाले, ते पीक वखारीत येऊन वाळते, कुटले जाते, चाकीवर दळले जाते व चाळले जाते. हे काम बहुतेक बायकाच करीत आल्या. माझी आई त्यांपैकी एक होती. १९८०च्या दशकात ती ज्या वखारीत जात असे तेथे वाऱ्याने चुरा उडून माल कमी भरू नये म्हणून खिडक्या लावून घेत. शाळा सुटल्यावर मी तिला बोलवावयास जाई तेव्हा दारातूनच आत पिवळसर धुके दिसे, आणि त्यात नाकातोंडाला पदराचे फडके बांधलेल्या बाया. नवीन बाईला पहिले काही दिवस चक्कर येई, ओकाऱ्या होत. जुन्या बायका हसून म्हणत, ‘‘होईल सवय.’’ उंदीर आपणहून नळीत शिरतात हे त्या मुलीने सांगितले तेव्हा मला हे वाक्य आठवले.

तेथे हवा बंद होती, धूळ बारीक होती, रोजचे तास ठरलेले होते आणि वर्षे पुष्कळ होती. प्रयोगशाळेच्या पेटीशी हे सगळे जुळते. नव्हते ते एवढेच, की हवेत धूळ किती हे मोजणारे कोणी नव्हते. आईची ढास शेवटपर्यंत गेली नाही. ती तंबाखूच्या धुळीनेच लागली असे मी शपथेवर सांगू शकत नाही. कोणी मोजलेच नाही, तर सांगणार कसे? तिच्याच मजुरीवर मी शिकलो. रविवारी दानपेटीत पडणाऱ्या नाण्यांतही तीच मजुरी होती. म्हणून या लेखात कोणाकडे बोट दाखविताना माझे बोट आधी माझ्याकडेच वळते.

मोजणारे नव्हते, तरी बोलणाऱ्या होत्या. याच बायकांनी १९८०च्या सुमारास संघटना उभारली, संप केले, आणि मजुरीबरोबर माणसासारखी वागणूक मागितली. त्यांच्या लढ्यावर युगांतर या गटाने १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा चित्रपट केला, आणि बायका आपली गोष्ट त्यात स्वतः सांगतात. पुढे मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी विडी-तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्या कामगारांची तपासणी केली. त्यांच्या रक्तपेशींतील गुणसूत्रांची मोडतोड इतरांपेक्षा अधिक असल्याचे १९९५ साली प्रसिद्ध झाले. बायका जे खोकून सांगत होत्या तेच आता सूक्ष्मदर्शकाखाली दिसले.

‘अजून सिद्ध झालेले नाही’

आता एक अशी गोष्ट सांगतो, जी वाचून मी प्राण्यांच्या प्रयोगांविषयी नव्याने विचार करू लागलो. धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो हे इंग्लंडातील डॉल व हिल यांनी लंडनच्या रुग्णांची चौकशी करून १९५० साली दाखविले. पुरावा माणसांचा होता आणि भक्कम होता. तरी सिगारेट कंपन्या कित्येक वर्षे म्हणत राहिल्या, की धूर हुंगविलेल्या प्राण्यांना तसा कर्करोग होत नाही, सबब गोष्ट सिद्ध नाही. खरे कारण साधे होते. उंदीर केवळ नाकाने श्वास घेतो, आणि त्याचे नाक धुराचा बराच भाग अडवून धरते. शिवाय त्रासदायक धूर आला की तो श्वास आखडता घेतो. माणूस मात्र धूर तोंडाने ओढून छातीत भरतो.

मग १९७० साली अमेरिकेत कुत्र्यांच्या श्वासनलिकेला छिद्र पाडून नळीवाटे त्यांना धूर पाजला गेला आणि फुप्फुसांत गाठी आढळल्याचे जाहीर झाले. कंपन्यांनी तेही अमान्य केले. १९७५ साली ब्रिटनमधील एका प्रयोगशाळेत, तोंडाला यंत्र बांधून धूर ओढणाऱ्या कुत्र्यांचे छायाचित्र वर्तमानपत्रात आले आणि लोक हळहळले. तेथे तंबाखूऐवजी वापरावयाच्या एका नव्या पदार्थाची परीक्षा चालली होती. अखेर २००४ साली अमेरिकेत दिवसाचे ६ तास, आठवड्याचे ५ दिवस, ३० महिन्यांपर्यंत धुरात ठेवलेल्या उंदरांना, विशेषतः माद्यांना, फुप्फुसाच्या गाठी झाल्याचे प्रसिद्ध झाले. १९५० ते २००४! या चौपन्न वर्षांत किती प्राणी पेटीत गेले आणि किती माणसे थडग्यात, याचा हिशेब देवापाशी असेल.

ज्याला जाणून घ्यावयाचे नसते तो आणखी पुरावा मागतो. त्याच्यासाठी मारलेला प्रत्येक प्राणी व्यर्थ मेला, मग त्याला कितीही हळुवारपणे हाताळलेले असो.

प्राण्याने सांगितले, धन्याने ऐकले नाही

याच्या उलट बाजूचे उदाहरण भोपाळचे. मिथाइल आयसोसायनेट हा पदार्थ श्वासातून गेल्यास अत्यंत घातक आहे, हे जर्मनीतील संशोधकांनी प्राण्यांवर प्रयोग करून १९६४ सालीच प्रसिद्ध केले होते. २ डिसेंबर १९८४च्या रात्री तो वायू कारखान्यातून सुटला आणि झोपलेल्या वस्तीत हजारो माणसे मेली. वीस वर्षांपूर्वीच प्राण्यांनी आपला जीव देऊन साक्ष दिली होती. त्या वस्तीत ती कोणी पोहोचविली नव्हती. दुर्घटनेनंतर आपल्या देशातही, ग्वाल्हेर आणि लखनौ येथील प्रयोगशाळांत, उंदरांना पुन्हा तोच वायू देऊन अभ्यास करावा लागला.

गणना या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायातील बलामाची गाढवी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. वाटेत उपसलेली तरवार तिला दिसली, संदेष्ट्याला दिसली नाही. ती तीनदा वाटेतून ढळली आणि तीनदा तिला मार बसला. पण तिच्यामुळेच धनी वाचला. प्रयोगशाळेतील प्राण्याचे काम मला या गाढवीसारखे वाटते. फरक इतकाच, की तिने तरवार दुरून पाहिली. याला आपण तरवारीच्या धारेवरच उभे करतो. बलामाचे डोळे शेवटी उघडले आणि त्याने आपली चूक कबूल केली. तसे घडले नसते तर त्या मुक्या जनावराने मार का खाल्ला, या प्रश्नाला उत्तरच उरले नसते.

मग निवाडा काय?

माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे मी तीन कसोट्या मांडतो. पहिली: हे ज्ञान दुसऱ्या मार्गाने मिळू शकते काय? रसेल व बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ साली तीन मार्ग सुचविले: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन, नाही तर कमीत कमी प्राणी, आणि तेही कमीत कमी यातनेत. आज माणसाच्या श्वासमार्गाच्या पेशी वाढवून त्यांवर थेट हवेची परीक्षा करता येते. आपल्या सरकारने २०२३ साली नव्या औषधांच्या नियमांत अशा प्राणीविरहित पद्धतींना वाव दिला आहे. तेव्हा ‘नेहमी असेच करतात’ हे कारण आता पुरत नाही.

दुसरी: यातना खरोखर टाळली जाते काय? विषाने अर्धे प्राणी मरेपर्यंत वाट पाहण्याची जुनी रीत होती. २०१७ साली मान्य झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पद्धतीत विषबाधेची स्पष्ट चिन्हे दिसताच ते उत्तर म्हणून धरतात. मरणाची वाट पाहात नाहीत.

या दोन कसोट्या शास्त्रज्ञांच्या आणि कायद्याच्या हाती आहेत. तिसरी मात्र आपल्या हाती आहे: मिळालेले उत्तर आपण पाळणार आहोत काय? प्राण्याचा श्वास आपण उसना घेतो, आणि घेतले ते ऋण आहे. प्रयोगशाळा ते घेते, पण फेडावे लागते वखारीत, शेतात, घरात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर मेले. त्यांच्या हातातील डब्यांवर विषाचा त्रिकोण छापलेला होता. तो रंग कोणता असावा हे प्राण्यांना तोंडावाटे व कातडीवाटे विष देऊनच ठरविलेले असते. म्हणजे त्या रंगात कित्येक मुके जीव गेलेले आहेत, आणि तो रंग वाचता न येणारा माणूस त्याच विषाने मेला. हे ऋण बुडविणे झाले.

त्या मुलीला मी नंतर पत्र लिहिले. त्यात लिहिले, की पहिले उत्तर मी घाईने दिले, त्याबद्दल क्षमा कर. तुला जे टोचते ते टोचू दे. ज्या दिवशी टोचणार नाही त्या दिवशी नोकरी सोड. नळीत उंदीर घालताना हात हलका ठेव. आकडे जसे असतील तसेच लिही, आणि मालकाला न रुचणारा आकडा दिसला तर तो दडवू देऊ नकोस. तुझ्या हातून मेलेल्या जिवाला दुसरी कोणती भरपाई देता येणार नाही. आणि हे सगळे आईला सांग. तिच्यापासून लपवावे असे यात काही नाही.

तिचे उत्तर आले: ‘‘आईला सांगितले. ती म्हणाली, वखारीत तुझ्या आजीचं कोणी लिहून ठेवलं असतं तर बरं झालं असतं.’’

मी स्वतः एवढेच केले. पुढच्या रविवारी उपासनेनंतर शेती करणाऱ्या भावांना थांबवून घेतले आणि घरातले फवारणीचे डबे आणावयास सांगितले. लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम, हिरवा सौम्य. सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, नाकातोंड झाकावे, उपाशीपोटी जाऊ नये, अंगावरचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. अकरा डबे आले. त्यांपैकी तीन लाल होते, आणि ते तिन्ही स्वयंपाकघरातील फळीवर ठेवलेले असत. त्या दिवशी ते तिथून हलले.